‘हो’ कुणाचं? व्हॅम्पायर, लांडगे आणि पाहुण्यांचे पोहे



आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढच्या एपिसोडवर उडी मारतील, त्यांना आधीच राम राम. बाकीच्यांनी इयरफोन नीट लावा. आज आपण बोलणार आहोत रक्तावर जगणाऱ्या एका देखण्या पोराबद्दल, राग आला की लांडगा होणाऱ्या दुसऱ्या पोराबद्दल, आणि या दोघांच्या मधे उभ्या असलेल्या एका साध्या पोरीबद्दल. पुस्तकाचं नाव ‘एक्लिप्स’, लेखिका स्टेफनी मेयर. ‘ट्वायलाइट’ मालिकेतलं हे तिसरं पुस्तक. स्पॉयलर भरपूर आहेत, पण पुस्तक २००७ सालचं आहे. आता तक्रार चालणार नाही.

माझी ओळख नव्या लोकांसाठी. मी मूळची बावड्याची, तालुका इंदापूर. कॉम्प्युटरमधे बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमधे नोकरी करते. वय २७. आणि मुलगी २७ वर्षांची झाली म्हटलं की आमच्याकडं पुढचा प्रश्न काय येतो ते तुम्हाला सांगायला नको. त्या प्रश्नाकडं आपण येणारच आहोत, आणि व्हॅम्पायरच्या मार्गानंच येणार आहोत.

‘बीटेक करून हे असलं वाचतेस?’ हा मला नेहमी येणारा मेसेज. वाचते. आणि तुमच्यापैकी किती जण रात्री एक वाजता, चादरीच्या आत, फोनवर ‘अल्फा’ नावाच्या हिरोची गोष्ट ऐकत असता तेही मला माहीत आहे. एसटीत शेजारच्या सीटवरच्या पोरीच्या इयरफोनमधून लांडग्याचं गुरगुरणं मी स्वतः ऐकलंय. तेव्हा लाजायचं काही कारण नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. अलौकिक प्राण्याशी प्रेम, या प्रकारच्या कादंबऱ्या इंग्रजीत ढिगानं आहेत. ख्रिस्टीन फीहान या लेखिकेची ‘डार्क’ मालिका १९९९ साली सुरू झाली आणि तिची तीसहून जास्त पुस्तकं आलीत. ‘ट्वायलाइट’ त्या मानानं छोटी. २००५ ते २००८ अशी चार मुख्य पुस्तकं, मग २०२० मधे तीच पहिली गोष्ट हिरोच्या बाजूनं. पण शाळेतल्या पोरींपासून त्यांच्या आयांपर्यंत हा प्रकार पोचवला तो ‘ट्वायलाइट’नं.

आपल्याकडं रक्तपिपासू कथा नवीन नाहीत. आमच्या आधीच्या पिढीनं नारायण धारप वाचले. धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली. तिथं रक्त पिणारा म्हणजे संकट. तो गावात शिरतो, माणसं एकेक करून त्याची होत जातात, आणि शहाण्या माणसानं त्याला संपवायचं असतं. त्याच्या प्रेमात पडायचं कुणाच्या मनातही येत नाही. मग मधल्या काळात असं काय झालं की तोच प्राणी लग्नाचं स्थळ होऊन बसला?

माझं उत्तर असं आहे. गोष्ट सांगणारी व्यक्ती बदलली. पूर्वी गोष्ट सांगायचा व्हॅम्पायरला मारणारा. आता गोष्ट सांगते ती पोरगी, जिच्या गळ्यावर त्याची नजर आहे. आणि ती सांगायला लागल्यावर गोष्टीतला मोठा प्रश्न बदलला. ‘हा मरेल का?’ हे मागं पडलं आणि ‘मी हो म्हणू का?’ हे पुढं आलं. या सगळ्या कादंबऱ्या, चांगल्या आणि भिकार धरून, शेवटी एका शब्दावर चालतात. तो शब्द म्हणजे ‘हो’. तो कुणी म्हणायचा, कधी म्हणायचा, आणि म्हटल्यावर परत घेता येतो का.

आता ‘एक्लिप्स’ घ्या. बेला अठरा वर्षांची. तिचं एडवर्डवर प्रेम आहे, तो व्हॅम्पायर. तिचा जिवलग मित्र जेकब, तो लांडगा. दोन्ही जमातींमधे जुना करार आहे, एकमेकांच्या हद्दीत जायचं नाही. बेलाला जेकबला भेटायला जायचंय. एडवर्डला ते धोक्याचं वाटतं. तो काय करतो? तिच्या गाडीच्या इंजिनातला एक भाग काढून ठेवतो, म्हणजे गाडी सुरूच होऊ नये. पुढं स्वतः बाहेर जाताना बहिणीला सांगतो की हिला घरी थांबवून घे, आणि त्याबद्दल बहिणीला पिवळी पोर्शे गाडी मिळते. सगळं काळजीपोटी. सगळं तिच्या भल्यासाठी.

हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडं पोर्शे मिळत नाही, तेवढाच फरक.

आणि जेकब? तो तर मित्र. तो तिला न विचारता जबरदस्तीनं चुंबन घेतो. ती त्याच्या तोंडावर ठोसा मारते. लांडग्याला काही होत नाही, मोडतो तो तिचाच हात. त्याहून वाईट पुढं आहे. तिचे वडील पोलीसप्रमुख, आणि त्यांना आधी या प्रकाराचं कौतुकच वाटतं, कारण जेकब त्यांचा लाडका. मोडलेला हात घेऊन मुलगी समोर उभी आहे आणि बाप मनातल्या मनात जावई निवडतोय. मी हे प्रकरण दोनदा वाचलं. लेखिकेनं ते हलकंफुलकं लिहिलंय, पण मला त्या पानावर हसू आलं नाही.

तरीही या मालिकेचं एक श्रेय मी देणार. बेलाला स्वतःला व्हॅम्पायर व्हायचंय आणि हा निर्णय ती चार पुस्तकं लावून धरते. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी ती एडवर्डच्या घरच्या सगळ्यांना एकत्र बसवते आणि प्रत्येकाचं मत मागते. एडवर्ड नको म्हणतो, एक बहीण नको म्हणते, बाकीचे हो म्हणतात. आता आपल्या घरांतही पोरीच्या आयुष्यावर अशी बैठक भरते. आजोबा, चुलते, मामा, सगळे असतात. पण तिथं बैठक बोलावणारी आणि प्रश्न मांडणारी ती पोरगी नसते. ती आत पोहे करत असते.

आता जरा मागं जाऊ. व्हॅम्पायरचा जुना आणि माझा सगळ्यात आवडता नियम असा की त्याला बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’मधे, म्हणजे १८९७ साली, हा नियम स्पष्ट आहे. घरातल्या कुणीतरी आधी ‘ये’ म्हणावं लागतं. उंबरठ्याचं महत्त्व आपल्याला विलायतेनं शिकवायची गरज नाही म्हणा. बावड्याजवळच, नीरा आणि भीमेच्या संगमावर, नरसिंहपूर आहे. अर्धा माणूस, अर्धा सिंह असा देव, आणि त्यानं हिरण्यकशिपूचा निकाल लावला तो उंबरठ्यावर, घरातही नाही आणि बाहेरही नाही. उंबरठा ही निकाल लागायची जागा आहे, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं.

तर ड्रॅक्युलाला दारात थांबावं लागतं. राक्षस आहे, पण विचारतो. आणि आमचा रोमँटिक हिरो एडवर्ड? तो पहिल्या पुस्तकात बेलाला पत्ता नसताना रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली बघत बसतो. प्रेमकथा करताना लेखिकेनं नेमका तोच एक सभ्य नियम काढून टाकला. हे मला फार खटकतं.

पण ड्रॅक्युलाच्या नियमातही एक खोट आहे. एकदा ‘ये’ म्हटलं की पुढं तो वाटेल तेव्हा येऊ शकतो. एक ‘हो’ आयुष्यभराचा. इथं मी माझ्या धंद्यातलं उदाहरण देते.

तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन घ्या. २०१५ च्या आधी, म्हणजे अँड्रॉइड सहा येईपर्यंत, अ‍ॅप टाकताना एकच मोठी यादी दिसायची. कॅमेरा, कॉन्टॅक्ट, लोकेशन, सगळं एकदम. मंजूर असेल तर टाका, नसेल तर राहू द्या. टॉर्चचं अ‍ॅप तुमचे कॉन्टॅक्ट मागायचं आणि आपण देऊन मोकळे व्हायचो. हा ड्रॅक्युला. दारात एकदा विचारलं, मग घर त्याचं.

अँड्रॉइड सहापासून अ‍ॅपला ज्या वेळी जे लागेल त्या वेळी ते मागावं लागायला लागलं. आणि दिलेलं तुम्ही सेटिंगमधे जाऊन कधीही काढून घेऊ शकता. २०२० मधे अँड्रॉइड अकरा आलं, त्यात ‘फक्त या वेळी’ असा पर्याय आला. शिवाय एखादं अ‍ॅप बरेच महिने उघडलंच नाही तर फोन त्याच्या परवानग्या आपोआप काढून घेतो. म्हणजे जुना ‘हो’ शिळा होतो, हे यंत्राला कळायला लागलं. परवानगी कशी मागावी यावर आमच्या क्षेत्रात किती डोकं खपवलं जातं ते मी रोज बघते. एका कॅमेऱ्यासाठी एवढं. आणि माणसाच्या बाबतीत? पहिल्या भेटीतलं ‘हो’, साखरपुड्याचं ‘हो’, ते कधी शिळं होतं का? सुपारी फुटली, याद्या झाल्या, की मागं फिरणं म्हणजे घराण्याची अब्रू.

बरं, निदान ड्रॅक्युला एकदा तरी विचारतो. लांडग्यांकडं तर तोही प्रकार नाही. ‘ट्वायलाइट’मधे लांडगा होणाऱ्या पोरांना एक गोष्ट होते, तिला ‘इम्प्रिंट’ म्हणतात. एका मुलीकडं बघितलं की संपलं, ती त्याची जन्माची जोडीदार. त्याच्याही हातात काही नाही. बाकीच्या असंख्य लांडगा-कथांत यालाच ‘मेट’ म्हणतात, नशिबानं ठरलेला जोडीदार. तुम्ही ऐकता त्या ऑडिओ गोष्टींत हा शब्द दर पाच मिनिटांनी येतो.

याची किंमत कोण देतं ते ‘ट्वायलाइट’मधेच आहे. सॅम नावाच्या लांडग्याचं लिया नावाच्या मुलीवर प्रेम असतं. पण त्याला इम्प्रिंट होतं लियाच्याच नात्यातल्या बहिणीवर, एमिलीवर. लिया एका दिवसात परकी. एमिली आधी नाही म्हणते. मग एकदा सॅमचा राग अनावर होतो, तो तिच्या फार जवळ उभा असताना लांडगा होतो, आणि एमिलीच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात. त्यानंतर ती त्याची होते, आणि गोष्ट ते सुखी घर म्हणून दाखवते. आणखी एक, क्विल. त्याला इम्प्रिंट होतं दोन वर्षांच्या बाळावर. लेखिका सांगते की यात प्रेमिकपणा काही नाही, तो तिचा दादा होईल, मग मित्र, मग तिला हवं ते. पण ती मोठी होईपर्यंत तिचं उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेलंच आहे ना? फोन विकत घेताना काही अ‍ॅप कंपनीनंच टाकून दिलेली असतात आणि ती काढता येत नाहीत. ‘मेट’ म्हणजे ते अ‍ॅप.

आता ‘अल्फा’बद्दल. कळपाचा राजा, सगळे त्याला घाबरतात, तो बोलेल ती पूर्व दिशा, आणि आपल्या हिरोइनसमोर मात्र मऊ. या कल्पनेचा जन्म कुठं झाला माहीत आहे? रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकानं १९४७ साली बंदिस्त लांडग्यांवर निबंध लिहिला. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडले की ते मारामारी करतात, आणि जो जिंकतो तो वरचा. पुढं डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या पुस्तकातून ‘अल्फा’ शब्द घरोघर पोचला. आणि मग त्याच मेकनं मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ साली लिहिलं की रानात असं काही नसतं. कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब. आई, बाप आणि त्यांची पिल्लं. पिल्लं मोठी झाली की आपली वाट शोधत निघून जातात. ‘अल्फा’ हा तुरुंगातला लांडगा आहे, रानातला नाही.

आणि हे आम्हा इंदापूरकरांना पुस्तकातून कळावं ही गंमतच आहे. कारण खरे लांडगे आमच्याच तालुक्यात राहतात. कडबनवाडीचा माळ तुमच्यापैकी कुणी बघितलाय? उसाचा हिरवा पट्टा संपतो आणि पिवळं गवत सुरू होतं. तिथं चिंकारा आहेत, खोकड आहेत, तरस आहेत आणि भारतीय लांडगा आहे. वनविभाग आता तिथं आणि बारामतीकडं शिर्सुफळला गवताळ रानाची सफारी चालवतो. हा लांडगा काही गुरगुरणारा राजकुमार दिसत नाही. अंगानं काटकुळा, मातीच्या रंगाचा, जोडीनं पिल्लं वाढवणारा. धनगरांची मेंढरं आणि हा, शतकानुशतकं एकाच माळावर. त्याला खरा धोका आहे तो माळ नांगरला जाण्याचा, आणि गावच्या कुत्र्यांचा. पुण्याच्या परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मधे जनुकीय तपासणीतून समोर आलं. जातच पुसली जायची भीती. तर पुढच्या वेळी अल्फाची गोष्ट ऐकाल तेव्हा त्या काटकुळ्या बापलांडग्याची आठवण ठेवा.

‘हे सगळं परदेशी झालं, आपल्यात असलं काही नसतं,’ असं म्हणणारे असतीलच. मग आपल्या मालिकेकडं येऊ. आपली रक्तपिपासू मालिका हजार वर्षं चालू आहे. वेताळपंचविशी. पंचवीस गोष्टी, एकच राजा, एकच वेताळ, दर वेळी तेच झाड. रिचर्ड बर्टन नावाच्या इंग्रजानं १८७० साली या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा नावात वेताळाचा सरळ ‘व्हॅम्पायर’ केला. खरं तर आपला वेताळ म्हणजे भुतांचा राजा, शेंदूर लावलेला दगड, पुण्यात तर त्याच्या नावानं अख्खी टेकडी आहे. पंचविशीतला वेताळ प्रेतात राहतो, पण गळ्याला दात लावत नाही. तो प्रश्न विचारतो.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ लिहिला, त्यात या गोष्टी आहेत. त्यातली मंदारवतीची गोष्ट सांगते. मंदारवतीला तिघं मागणी घालतात. एकाला दिली तर बाकीचे दोघं जीव देतील, म्हणून बाप कुणालाच देत नाही. मंदारवती तापानं मरते. पहिला स्मशानातच झोपडी बांधून तिच्या राखेवर झोपतो. दुसरा तिच्या अस्थी गंगेला नेतो. तिसरा बैरागी होऊन फिरतो, त्याला मेलेल्याला उठवायचा मंत्र सापडतो. तिघं परत एकत्र येतात, मंत्र म्हणतात, मंदारवती जिवंत होते. आणि लगेच तिघांचं भांडण, ही माझी.

वेताळ विक्रमाला विचारतो, सांग राजा, ही कुणाची बायको? विक्रम हुशार. म्हणतो, जिवंत केलं तो बाप झाला, अस्थी नेल्या तो मुलगा झाला, राखेवर झोपला तोच नवरा. वा! उत्तर बरोबर, वेताळ परत झाडावर.

पण मंडळी, मंदारवती आता जिवंत आहे. ती समोर उभी आहे. तिला बोलता येतं. बाप विचारत नाही, तिघं विचारत नाहीत, राजा विचारत नाही. प्रश्न विचारणं हाच ज्याचा धंदा, तो वेताळसुद्धा तिला विचारत नाही. ‘ड्रॅक्युला’मधे ल्युसी नावाच्या मुलीला एकाच दिवशी तिघं मागणी घालतात, आणि तिथं निदान ती स्वतः दोघांना नाही आणि एकाला हो म्हणते. आपल्याकडं राखेतून उठून आल्यावरसुद्धा स्थळ दुसऱ्यांनीच ठरवायचं.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणं अन्याय होईल. २०२४ मधे ‘मुंज्या’ सिनेमा आला, आदित्य सरपोतदारांचा. त्यांनीच पुढं ‘थामा’मधे बेताळांची प्रेमकथा केली. मुंजा आपल्याला माहीतच आहे. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत पोरगा गेला, की तो पिंपळावर बसतो. सिनेमातला पोरगा मुन्नी नावाच्या मोठ्या मुलीवर जीव टाकतो, तिचं लग्न दुसरीकडं होतं, तो मरतो आणि पुढं तिच्या नातीच्या मागं लागतो. त्याचं एकच म्हणणं, लग्न कर. आपली किती भुतं अशी अपुऱ्या लग्नातून जन्मलेली आहेत बघा.

आणि हे फक्त पिंपळावर नाही. डिसेंबर २०२२ मधे शेजारच्या सोलापुरात कलेक्टर ऑफिसवर एक मोर्चा गेला. ज्योती क्रांती परिषदेनं काढलेला. फेटे बांधलेले, मुंडावळ्या लावलेले, घोड्यावर बसलेले नवरदेव, बँडबाजा, फक्त नवरी नाही. मागणी होती गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याची कडक अंमलबजावणी करा. लोक हसले, रील झाली. मला हसू आलं नाही, कारण माझा चुलतभाऊ ३१ वर्षांचा आहे, चार एकर ऊस करतो, आणि त्याचं जमत नाही. त्याला कुणी ‘नाही’ असं तोंडावर सांगतसुद्धा नाही. मध्यस्थाचा फोन यायचा बंद होतो, एवढंच. मुलगी शिकलेली असते, तिला पुणं हवं असतं, आणि मुळात मुलीच कमी जन्मू दिल्या. तो कायदा १९९४ चा. ज्यांनी मोडला ते आता कुणाचे तरी आजी-आजोबा आहेत, आणि भोगतोय माझा भाऊ.

त्याचं दुःख खरं आहे. पण दुःख खरं असलं म्हणून कुणा मुलीवर त्याचा हक्क तयार होत नाही. मुंज्याची आणि जेकबची गफलत हीच. माझं प्रेम इतकं मोठं आहे, मग तू नाही कशी म्हणतेस? माझा भाऊ असं म्हणत नाही, म्हणून तो माझ्या लेखी या सगळ्या हिरोंपेक्षा भारी आहे.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हा एपिसोड केला. माझी एक मावसबहीण आहे, २० वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. त्या लांडग्यांच्या गोष्टी ती रोज ऐकते. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडं स्थळं सुरू होतात, तसं तिच्याकडंही एक आलं. मुलगा नोकरीला, शेती, घर, सगळं व्यवस्थित. पाहुणे येऊन गेले, पसंती कळली. मी तिला फोन केला. म्हटलं, तुला कसा वाटला? ती म्हणाली, ‘ताई, हे मला पहिल्यांदा तूच विचारतीयेस.’ पाहुणे येऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.

मावशी वाईट नाही. तिला वाटतं, पोरगी काही बोलली नाही म्हणजे तिचं हो आहे. मी मावशीला फोन करून कायदा सांगितला नाही. खरं तर हिंदू विवाह कायद्यात, १९५५ सालीच, जबरदस्तीनं किंवा फसवून घेतलेल्या संमतीवर लागलेलं लग्न रद्द करून घेता येतं असं कलम आहे. पण गप्प बसलेल्या पोरीचं काय करायचं ते कुठल्या कलमात सापडत नाही. मी मावशीला एवढंच म्हटलं, ‘तिला एकटीला विचार. स्वयंपाकघरात नको, चुलत्यांसमोर नको. आणि नाही म्हणाली तर काय होईल ते आधी सांग. काही होणार नाही हे तिला आधी कळू दे, मग विचार.’ कारण ‘नाही’ म्हणायची सोय नसेल तर ‘हो’ला काडीचा अर्थ नाही. बटण एकच असलेली स्क्रीन म्हणजे परवानगी नव्हे, हे आमच्यातला नवखा डेव्हलपरसुद्धा सांगेल.

मावशीनं पाहुण्यांना थांबायला सांगितलंय. पोरीनं अजून उत्तर दिलेलं नाही. ती विचार करतीये, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं घर तिच्या उत्तरासाठी थांबलंय. पुढं काय होईल मला माहीत नाही. मुलगा चांगला आहे, कदाचित ती हो म्हणेलही. मग ते ‘हो’ तिचं असेल.

माझ्या घरी मी या हंगामात नियम सांगून टाकलाय. पाहुणे यायच्या आधी मुलाशी दोनदा फोनवर बोलणार, आणि ते गेल्यावर आठ दिवस मला कुणी उत्तर विचारायचं नाही. पप्पा म्हणाले, ‘तोवर पाहुण्यांना काय सांगायचं?’ मी म्हटलं, ‘मुलीला विचारून सांगतो, असं सांगायचं.’ पप्पा जरा वेळ गप्प बसले. मुलाकडचे कायम ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतात, ते चालतं. हे वाक्य मात्र त्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. एक स्थळ यावरून गेलं. पुढच्याला त्यांनी ते वाक्य म्हटलं, फोनवर, मी शेजारी बसले असताना. आवाज थोडा बारीक होता, पण म्हटलं.

तर गोष्टी ऐका, भरपूर ऐका. अल्फा आवडत असेल तर आवडू दे, गोष्टीतल्या लांडग्याचे दात आपल्याला लागत नाहीत. फक्त ऐकताना एक बघत जा. यात पोरीला कुणी विचारलं का? तिला नाही म्हणता आलं असतं का? आणि उद्या तिचं मन बदललं तर दार उघडं आहे का? तीनपैकी किती गोष्टींत उत्तर ‘हो’ येतं ते मला व्हॉइस नोटवर कळवा. मुलांनी पण पाठवा, खास करून ज्यांचं जमत नाहीये त्यांनी. तुमच्यावर एक अख्खा एपिसोड करायचाय, आणि त्यात हसणार कुणी नाही.

भेटू पुढच्या रविवारी. तोवर फोनच्या परवानग्या एकदा तपासून घ्या. टॉर्चला अजून तुमचे कॉन्टॅक्ट दिसत असतील.